टिव्होली येथील व्हिला देस्ते : एका उद्यानाचें पाठशोधन

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या गांवच्या वाचनालयांत प्रस्तुत लेखकानें पाश्चात्त्यांच्या जुन्या उद्यानांवर एक व्याख्यान दिलें होतें. त्या वेळीं एका छायाचित्राच्या आधारें, इटलींतील टिव्होली येथील व्हिला देस्ते या उद्यानाचा एक प्रचंड जलप्रपात श्रोत्यांस दाखवून, सोळाव्या शतकांतील एका कार्डिनलाचें हें वैभव पाहा, असें मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें. पुढें मुलाकडे युरोपांत जाण्याचा योग आला, तेव्हां चार दिवस रोममध्यें राहून तें उद्यान प्रत्यक्ष पाहिलें. आणि तेथें कळलें कीं तो प्रपात इ. स. १९२७ चा आहे. व्याख्यानास हजर असलेल्या मंडळींची क्षमा मागावी, हा या लेखाचा पहिला हेतु. दुसरा असा कीं, ज्यांचें आयुष्य पोथ्यांचीं पानें लावण्यांत गेलें अशा वाचकांस हें उद्यान पाहण्याची एक रीत सुचवावी. पोथी हातीं आली म्हणजे मूळ पाठ कोणता, प्रक्षेप कोणता, कोठलें पान कोठें गेलें, हें आपण आधीं पाहतों. टिव्होलीच्या उतारावरही तेंच करावें लागतें.

रोमच्या पूर्वेस सुमारें ३० किलोमीटरांवर, आनिएने नदी जेथें डोंगर सोडून सपाटीकडे उडी घेते, तेथें हें गांव वसलें आहे. प्राचीन रोमन लोक यास टिबुर म्हणत. उन्हाळ्यांत रोमचे श्रीमंत येथें राहावयास येत, आणि गांवाखालच्या सपाटींत सम्राट हेड्रिअन याच्या विस्तीर्ण प्रासादाचे अवशेष अद्यापि आहेत. इ. स. १५५० सालीं पोप तिसरा जूलियस यानें कार्डिनल दुसरा इप्पोलितो देस्ते (१५०९–१५७२) यास टिव्होलीचा सुभेदार नेमलें. हा फेर्राराच्या ड्यूकचा मुलगा; याची आई लुक्रेझिया बोर्जा, म्हणजे पोप सहावा अलेक्झांडर हा याचा मातामह. स्वतः पोप होण्याची खटपट यानेंही केली, परंतु तें पद त्यास लाभलें नाहीं. टिव्होलींत राहण्यास त्यास एक जुना मठ मिळाला होता. त्या मठाचा त्यानें प्रासाद केला, आणि मठाखालच्या दरीसारख्या उतारावर उद्यान मांडावयाचें ठरविलें. तो उतार मोकळा नव्हता. तेथें लोकांचीं घरें, मळे व देवळें होतीं. तीं विकत घेऊन पाडण्यांत आलीं, उताराला भर घालून व तासून नवा आकार देण्यांत आला, आणि जीं माणसें उठविलीं गेलीं त्यांनीं कार्डिनलावर फिर्यादी केल्या. फिर्यादींनीं काम थांबलें नाहीं. उद्यानाची स्तुति करणाऱ्या प्रवासवर्णनांत या फिर्यादींचा उल्लेख क्वचितच सांपडतो, म्हणून येथें मुद्दाम केला.

उद्यानाची कल्पना पिर्रो लिगोरिओ याची. हा मूळचा नेपल्सचा. चित्रकार, स्थपति आणि पुराणवस्तूंचा नादी. त्याच्याविषयीं पुढें बोलावयाचें आहे.

पाण्याची योजना अशी केली कीं गांवाच्या पोटांतून भुयार खणून आनिएने नदीचें पाणी प्रासादाच्या उंचीवर आणलें, व शिवाय डोंगरांतील एका झऱ्याचें पाणी पाटानें घेतलें. एकदां पाणी माथ्यावर आल्यावर पुढें सारें काम उताराचें आहे. सुमारें साडेचार हेक्टरांच्या या जागेंत ५१ कारंजीं व जलमंदिरें, ३९८ मुखें, ३६४ उडते झोत, ६४ धबधबे व २२० कुंडें असल्याची गणती प्रसिद्ध आहे. त्यांतील एकासही मूळच्या योजनेंत पंप नाहीं. वरच्या टप्प्यावर उडालेलें पाणी खालच्या टप्प्यावर पुन्हां कामास येतें. आपल्याकडील खापरी नळांचीं जुनीं कामें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस यांतील हिशेब चटकन् कळेल : झोत किती उंच उडणार हें कारागिराच्या हातीं नसून, पाणी किती उंचीवरून येतें यावर तें ठरलेलें असतें.

आतां पाहण्याची गोष्ट. हल्लींचा प्रवासी गांवांतल्या चौकांतून प्रासादांत शिरतो, चित्रें काढलेल्या दालनांतून जातो, आणि गच्चीवर येऊन उभा राहतो. पायांखालीं सारें उद्यान, पलीकडे रोमकडची सपाटी. देखावा मनोहर खरा. पण पोथीचें शेवटचें पान प्रथम उघडावें तशी ही गोष्ट झाली. कार्डिनलाचे पाहुणे रोमकडून येत, ते उताराच्या तळाशीं असलेल्या दरवाज्यानें आंत शिरत. तेथून प्रासाद दूर, उंचावर दिसे. त्यांस आधीं सपाटीवरील वाफे व लाकडी मांडव लागत, मग मत्स्यकुंडें, मग चढण. आणि प्रत्येक टप्प्यावर आतां कोणीकडे वळावें असा प्रश्न उभा राही. हा प्रश्नच या उद्यानाचा विषय होय, असें डेव्हिड कॉफिन या अमेरिकन पंडितानें १९६० सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें आहे. देस्ते घराण्याचा आदर्श वीर हर्क्युलीज. तरुणपणीं त्याच्यापुढें सुखाची वाट व सदाचाराची वाट अशा दोन वाटा आल्या, अशी ग्रीक कथा आहे. प्रेय आणि श्रेय या आपल्या जोडीची येथें आठवण व्हावी. चढतांना एका बाजूस व्हीनसची गुहा भेटते, आणि वर गेल्यावर डायाना या ब्रह्मचारिणी देवतेची. वरून उतरणाऱ्यास हीं दोन स्थळें म्हणजे दोन सुंदर गुहा, एवढेंच राहतें.

यासाठीं मीं असें केलें कीं, गच्चीवर न थांबतां, इकडे तिकडे न पाहतां तडक तळाशीं गेलों, आणि तेथून वर चढत उद्यान पाहिलें. साठी उलटलेल्या गुडघ्यांस हें सोपें नाहीं. तरीही ज्यास शक्य असेल त्यानें असेंच करावें, असा माझा आग्रह आहे.

चढणीच्या मध्यावर चार ड्रॅगनांचें कारंजें आहे. याविषयीं तेथें एक गोष्ट सांगतात : पोप तेरावा ग्रेगरी १५७२ च्या सप्टेंबरांत पाहुणा म्हणून आला, त्याच्या कुलचिन्हांत ड्रॅगन होता, म्हणून कार्डिनलानें हें कारंजें एका रात्रींत उभें केलें. गोष्ट गोड आहे, आणि गोड गोष्टी पोथ्यांच्या समासांतून मूळांत शिरतात हें आपणांस ठाऊकच आहे. हर्क्युलीजनें हेस्पेरिडीजच्या बागेंतलीं सोन्याचीं सफरचंदें मिळविलीं, आणि त्या बागेचा राखणदार एक ड्रॅगनच होता. हर्क्युलीजच्या उद्यानांत मधोमध ड्रॅगन असणें हें योजनेंतच बसतें. त्यासाठीं पाहुण्याची गरज नाहीं. पाहुण्यास तो आपल्या सन्मानार्थ आहे असें भासविलें गेलें असेल, तर त्यांत कार्डिनलाची हुशारी दिसते, इतकेंच.

उद्यानाचा मूळ पाठ ठरविण्यास साधनें कोणतीं, हें आतां पाहूं. प्रासादाच्या एका दालनाच्या भिंतीवरच उद्यानाचें व प्रासादाचें चित्र रंगविलेलें आहे. तें काम चालू असतांनाचें. दुसरें साधन एतिएन द्यु पेराक या फ्रेंच कलावंतानें तांब्याच्या पत्र्यावर कोरून १५७३ सालीं प्रसिद्ध केलेलें विहंगम चित्र. यांत प्रत्येक स्थळास आंकडा घालून खालीं नांवें दिलीं आहेत, आणि चित्र तळाच्या दरवाज्याकडून पाहिलेलें आहे. म्हणजे पाहण्याचा मूळ क्रम कोणता, याचा हा समकालीन पुरावा झाला. तिसरें साधन कार्डिनल १५७२ च्या डिसेंबरांत वारल्यावर त्याच्या मालमत्तेची झालेली यादी; कोणता पुतळा कोठें होता हें तीवरून कळतें. टॉमस ॲश्बी या इंग्रज विद्वानानें १९०८ सालीं या पुतळ्यांचा माग काढला.

यांपैकीं छापील चित्र सर्वांत स्पष्ट, म्हणून सर्वांत धोक्याचें. द्यु पेराकनें जें झालें होतें तें आणि जें व्हावयाचें होतें तें, दोन्हीं सारख्याच ठसठशीत रेघांनीं दाखविलें आहे. मत्स्यकुंडांच्या टोकाशीं समुद्रदेवाचें एक भव्य कारंजें चित्रांत आहे. प्रत्यक्षांत तें कधींच बांधलें गेलें नाहीं. केवळ चित्रावर भिस्त ठेवणाऱ्यानें ‘पूर्वीं येथें कारंजें होतें, पुढें नष्ट झालें’ असें लिहिलें असतें. सुवाच्य प्रत म्हणजे शुद्ध प्रत नव्हे, हा आपल्या अनुभवाचाच विषय आहे.

चौथें साधन फ्रेंच ग्रंथकार मॉन्तेन याची रोजनिशी. तो १५८१ च्या एप्रिलांत टिव्होलीस आला होता. या रोजनिशीचा इतिहास आमच्या संग्राहक मित्रांस चटका लावील. तिचा कांहीं भाग त्याच्या लेखकुनें लिहिला, कांहीं त्यानें स्वतः, आणि त्यांतला बराचसा इटालियन भाषेंत. जवळजवळ दोनशें वर्षें ती त्याच्या वाड्यांत एका पेटींत पडून होती. १७७० सालीं एका धर्मोपदेशकास ती सांपडली, १७७४ सालीं छापली गेली, आणि त्यानंतर मूळ हस्तलिखित पॅरिसच्या राजकीय ग्रंथालयांत ठेवलें असतां नाहींसें झालें. पेटींत दोनशें वर्षें टिकलें, तें ग्रंथालयांत गेल्यावर हरवलें. असो.

मॉन्तेननें मुख्यतः वर्णिलें आहे तें पाण्यावर वाजणारें ऑर्गन. लुक लक्लेर या फ्रेंच कारागिरानें तें आरंभिलें, व त्याच्या मृत्यूनंतर त्याचा पुतण्या क्लोद व्हेनार यानें पुरें केलें. त्याचें तंत्र असें : पाणी मोठ्या वेगानें एका बंदिस्त कोठडींत पडतें व पडतांना बरोबर हवा ओढून आणतें. पाणी खालून निघून जातें; हवेस वाट एकच, ती ऑर्गनच्या नळ्यांची. दुसऱ्या एका प्रवाहानें दांतेरी रूळ फिरतो, आणि त्याचे दांते ठरलेल्या क्रमानें पट्ट्या दाबतात. वाजविणारा कोणी नाहीं, भाता ओढणारा कोणी नाहीं. राग मात्र तोच तोच वाजतो, हेंही मॉन्तेननें टिपून ठेवलें आहे. जवळच घुबडाचें कारंजें होतें : कृत्रिम पक्षी पाण्याच्या जोरानें किलबिल करीत, घुबड पुढें आलें कीं एकदम गप्प होत, घुबड वळलें कीं पुन्हां गाऊं लागत.

ही घुबडाची युक्ति कार्डिनलाच्या कारागिरांची नव्हे. अलेक्झांड्रियाचा ग्रीक यंत्रज्ञ हेरोन यानें वायूच्या व पाण्याच्या यंत्रांवर जो ग्रंथ लिहिला त्यांत गाणारे पक्षी आणि वळणारें घुबड यांचें वर्णन आहे. हेरोनचा तो ग्रंथ कोम्मान्दिनो याच्या लॅटिन भाषांतरानें समग्र छापून निघाला तो १५७५ सालीं. आणि टिव्होलीचें घुबड १५६०–७० या दशकांतलें. म्हणजे ही विद्या येथपर्यंत आली ती मुख्यतः हस्तलिखितांच्या वाटेनें. दीड हजार वर्षें नकलाकारांनीं, कित्येकदां अर्थ न कळतां, उतरून ठेवलेला मजकूर टिव्होलींत एके दिवशीं चिवचिवूं लागला. प्रत्यक्ष पाहिलेल्या सर्व गोष्टींत मला हीच सर्वांत मोठी वाटली.

मूळचें यंत्र मात्र टिकलें नाहीं. आनिएनेच्या पाण्यांत चुना फार. बांधकामाचा ट्रॅव्हर्टिन दगड, ज्याचें नांवच टिबुरवरून पडलें, तो अशाच पाण्याच्या साक्यानें बनलेला आहे. तोच साका नळांत, दांत्यांत व मुखांत बसतो. हल्लीं ऐकूं येणारें ऑर्गन नव्यानें बसविलेलें असून २००३ पासून ठराविक वेळीं वाजतें.

आतां स्थलांतरें व प्रक्षेप. ऑर्गनच्या पुढें मूळ एफेससच्या डायानाची अनेकस्तनी मूर्ति होती. खिलिस व्हान डेन व्हिलीट या फ्लेमिश शिल्पकारानें ती १५६८ च्या सुमारास घडविली. पुढें १६११ सालीं ती उचलून तळाच्या भिंतीशीं नेली. तेथें ती आजही आहे, सुस्थितींत आहे, आणि अर्थहीन आहे. निसर्गाची ही माता उद्यानांतील पाण्याच्या मुख्य उगमाशीं उभी होती. आतां ती कोपऱ्यांत एकटी. चुकीच्या जागीं शिवलेल्या पानावरील अक्षर कितीही सुंदर असलें तरी वाक्य जुळत नाहीं, तसें हें झालें आहे. हेड्रिअनच्या प्रासादांतून व इतरत्र खणून आणलेले प्राचीन पुतळे मुळांत येथें पुष्कळ होते. ते अठराव्या शतकांत विकले गेले, आणि कांहीं पोप चौदावा बेनेडिक्ट यानें रोमच्या कॅपिटोलिन संग्रहासाठीं घेतले. यामुळें कित्येक कोनाडे रिकामे आहेत. ज्यांच्या गर्द छायेनें प्रवासी मोहून जातो ते उंच सरूचे वृक्षही कार्डिनलाच्या काळचें उद्यान दाखवीत नाहींत. त्याच्या वेळीं खालची सपाटी उन्हांत उघडी होती. तेथें वनस्पतींचे वाफे होते व मांडव होते.

आणि ज्यानें मला फसविलें तो नेपच्यूनचा प्रपात. ऑर्गनखालच्या उतारावर सतराव्या शतकांत बेर्निनी या प्रख्यात शिल्पकारानें एक धबधबा योजिला होता. तो कालांतरानें मोडकळीस आला. पहिल्या महायुद्धानंतर उद्यान इटलीच्या सरकारकडे आल्यावर जी दुरुस्ती झाली, तींत आत्तिलिओ रॉस्सी यानें १९२७ सालीं हल्लींचा प्रपात रचला. पडद्यामागें नेपच्यूनचा जुना भग्न पुतळा आहे, त्यावरून नांव. नव्या श्लोकांत जुना एखादा चरण गोंवावा म्हणजे सगळा श्लोक जुना वाटतो, तसा हा प्रकार होय.

मग हा प्रक्षेप काढून टाकावा काय? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ सालीं पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत, मूळ संहितेंत न बसणाऱ्या ओळी तारका घालून तळटीपेंत ठेविल्या आहेत, फेंकून दिल्या नाहींत. उद्यानास तळटीप नसते. प्रपात एक तर असतो किंवा नसतो. त्यामुळें येथें संपादकाची अडचण आपल्याहून मोठी आहे. १९२७ चा प्रपात डौलदार आहे, त्यानें पूर्वींच्या एका धबधब्याची जागा राखली आहे, आणि तो राहावा असेंच माझें मत आहे. मात्र तो कार्डिनलाचा म्हणून दाखविला जाऊं नये.

याहून कठीण प्रश्न शंभर कारंज्यांचा. चढणीवर एक लांबच लांब आडवी वाट आहे. तिच्या एका टोकाशीं ओव्हातोचें, म्हणजे लंबवर्तुळाकार, कारंजें. तेथें टिबुरची सिबिल ही भविष्य सांगणारी देवी बसली आहे, म्हणजे तें टोक टिव्होलीचें. दुसऱ्या टोकाशीं ‘रोमेत्ता’, लहानसें रोम : आयुधें धारण केलेली रोमदेवता, जुळ्यांस पाजणारी लांडगी, आणि टायबर नदींतील बेटाची नौका, जिच्यावर डोलकाठीऐवजीं एक स्तंभ आहे. रोमेत्ताचा बराच भाग एकोणिसाव्या शतकांत नाहींसा झाला. या दोन टोकांस जोडणारे पाण्याचे तीन पाट एकावर एक वाहतात. टिव्होलीकडचें पाणी रोमकडे जातें, हा त्याचा अर्थ. वरच्या कडेस गरुड, कमळासारखें लिलीचें फूल, नौका व स्तंभ यांची रांग, आणि मुखवट्यांच्या तोंडांतून पडणाऱ्या धारा. पाटांमधल्या भिंतीवर ओव्हिड कवीच्या ‘रूपांतरें’ या काव्यांतील कथांचीं उठावाचीं चित्रें बसविलीं होतीं. त्यांतील कोणती कथा कोणती, हें आज ओळखूं येत नाहीं. सारी भिंत शेवाळानें व नेच्यांनीं भरून गेली आहे.

मी त्या भिंतीपुढें बराच वेळ उभा राहिलों. जाणारे येणारे त्या हिरव्या भिंतीचींच छायाचित्रें घेत होते, आणि मला खालचें अक्षर वाचावयाचें होतें. प्रथम वाटलें, हें सर्व खरवडून काढलें पाहिजे. वाळवी झटकल्याशिवाय पोथी वाचतां येते काय? पण पुढें जाऊन जवळून पाहिलें, तेव्हां जेथें शेवाळ विरळ होतें तेथें खालीं आकृति नव्हती. चुन्याचा जाड थर होता, आणि त्याखालीं झिजलेला उंचवटा. शेवाळ खरवडलें तर त्याबरोबर उरलेलें नाकडोळेंही निघून येईल, अशी भीति वाटली. शिवाय हें शेवाळही आतां लहान वयाचें नाहीं. १७६० सालीं फ्रागोनार व ह्यूबेर रोबेर या चित्रकारांनीं येथें बसून जीं चित्रें काढलीं तीं पडक्या, रानटलेल्या उद्यानाचीं आहेत. कार्डिनल होहेनलोहे याच्या आश्रयानें येथें येऊन राहणारा संगीतकार लिस्त यानें १८७७ सालीं या कारंज्यांवर जी प्रसिद्ध रचना केली, ती याच उद्यानांत ऐकलेल्या पाण्याची. मूळ पाठासाठीं हे उत्तरकालीन वाचक पुसून टाकावे काय? माझें मत असें पडतें कीं, सबंध भिंतीस हात लावूं नये. दोनचार चौकटीच अत्यंत सावधपणें साफ करून, त्यांच्या प्रतिकृति घेऊन, पुन्हां पाण्याच्या स्वाधीन कराव्या. हें मत मला स्वतःलाही पुरतें समाधान देत नाहीं.

लिगोरिओविषयीं राहिलेली गोष्ट सांगून लेख संपवितों. हेड्रिअनच्या प्रासादाचें उत्खनन प्रथम त्यानें केलें, प्राचीन वस्तूंवर हस्तलिखितांचे अनेक जाड खंड लिहिले. ते नेपल्स, तुरीन, ऑक्सफर्ड वगैरे ठिकाणीं जपून ठेवले आहेत. पण याच खंडांत त्यानें स्वतः रचलेले शेंकडों लॅटिन शिलालेख खरे म्हणून घातले आहेत. बर्लिनच्या विद्वानांनीं लॅटिन शिलालेखांचा जो महासंग्रह काढला, त्यांत रोम शहराच्या नांवावर खपविलेल्या बनावट लेखांस १८८५ सालीं स्वतंत्र भाग द्यावा लागला, आणि त्यांच्या क्रमांकांस तारका लाविली. त्यांतला मोठा वांटा लिगोरिओचा. तरीही त्याचीं टिपणें टाकून देतां येत नाहींत, कारण पुढें नष्ट झालेले कित्येक खरे लेख व अवशेष त्यांतच उरले आहेत. जुनें इतकें आवडावें कीं जें नाहीं तें स्वतः करून ठेवावें, हा रोग त्यास होता. उद्यान रचतांना तोच रोग गुण ठरला : रोमेत्तांत त्यानें पुरातन रोम नव्यानें रचलें, आणि त्यास कोणी बनावट म्हटलें नाहीं.

माझ्या व्याख्यानाचें टिपण अजून माझ्यापाशीं आहे. नेपच्यूनच्या प्रपाताच्या ओळीपुढें मीं तारका घातली असून समासांत १९२७ असें लिहून ठेविलें आहे.